दीर्घिकांचीं महाकुलें

वैशाख-ज्येष्ठांतील निरभ्र रात्रीं, नऊ-दहाच्या सुमारास, अंगणांत उभें राहून मान वर केली तर पूर्वेच्या अंगास तेजानें झळकणारी स्वाती आणि पश्चिमेच्या अंगास सिंहाच्या पुच्छावरील उत्तरा फाल्गुनी या दोहोंच्या मध्यें, किंचित् उत्तरेस, अगदीं अंधुक ताऱ्यांचा एक झुबका दृष्टीस पडतो. आपल्याकडे त्यास अरुंधतीकेश म्हणतात. पाश्चात्यांनींहि त्यांत केशसंभारच पाहिला. मिसर देशाची राणी बेरेनिसी हिनें, रणांगणावर गेलेला आपला पति तिसरा टॉलेमी सुखरूप परत यावा म्हणून आपले केस देवतेस वाहिले. ते मंदिरांतून नाहींसे झाले आणि कॉनन नांवाच्या ज्योतिष्यानें ते आकाशांत दाखवून दिले, अशी कथा आहे. परंतु आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों ती हकीकत या केसांची नव्हे. या ताऱ्यांच्या फार फार पलीकडे, आपल्यापासून सुमारें ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक प्रचंड मेळावा आहे. त्याची ही हकीकत आहे.

प्रकाश एका वर्षांत जेवढें अंतर तोडतो त्यास प्रकाशवर्ष म्हणतात, व तें सुमारें साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरतें. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचें एक स्वतंत्र विश्व. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका असून तिच्यांत निदान दहा हजार कोटी तारे आहेत. अशा हजाराहून अधिक दीर्घिका अरुंधतीकेशांतील त्या मेळाव्यांत एकत्र नांदत आहेत. एका मोठ्या वाड्यांत चार पिढ्यांचीं माणसें नांदतात तेव्हां त्यांस कोणतें बंधन एकत्र ठेवतें, हें केवळ माणसांची शिरगणती करून कळत नाहीं. या आकाशस्थ कुलाचेंहि तसेंच आहे. तें कशानें बांधलें गेलें आहे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नानें विश्वाविषयींच्या आमच्या साऱ्या कल्पना उलथून टाकिल्या. या प्रश्नाचें उत्तर काय एवढेंच सांगून आम्ही थांबणार नाहीं. तें उत्तर कोणत्या प्रमाणांवर उभें आहे हेंहि सांगूं. कारण प्रमाणांवांचून सिद्धांत म्हणजे पायावांचून भिंत होय.

मेळाव्यांचा शोध

धूमकेतूंच्या शोधांत असलेल्या शार्ल मेसिये या फ्रेंच ज्योतिष्यानें १७८१ मध्यें, धूमकेतूचा भास करून फसविणाऱ्या अंधुक ठिपक्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तींतील बरेचसे ठिपके कन्या राशीच्या एकाच भागांत दाटलेले आहेत हें तेव्हांच लक्षांत आलें होतें. पुढें विल्यम हर्शेल यास अरुंधतीकेशांतहि तशीच गर्दी आढळली. परंतु हे ठिपके म्हणजे काय हें १९२० नंतरच्या दशकापर्यंत ठरलें नव्हतें. एडविन हबल यानें १९२३ मध्यें देवयानींतील अशाच एका ठिपक्यांत, तेज नियमानें कमीजास्त होणारा एक तारा हुडकून काढिला व त्यावरून तो ठिपका आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर असल्याचें सिद्ध केलें. तेव्हां कळलें कीं, हे ठिपके म्हणजे ताऱ्यांचीं विश्वें आहेत, व कन्या आणि अरुंधतीकेश यांतील दाटी म्हणजे अशा विश्वांचे समूह आहेत. १९५८ मध्यें जॉर्ज एबेल यानें पॅलोमार वेधशाळेच्या छायाचित्रांवरून असे २,७१२ दाट समूह मोजून त्यांची सूची तयार केली. आजहि अनेक समूह एबेलनें दिलेल्या क्रमांकानेंच ओळखले जातात.

पहिला साक्षी: गति

१९३३ मध्यें, म्हणजे एबेलच्या सूचीच्या पाव शतक आधीं, अमेरिकेंत काम करीत असलेला फ्रिट्झ झ्विकी नांवाचा स्विस शास्त्रज्ञ अरुंधतीकेशांतील दीर्घिकांच्या गतींचा विचार करीत होता. वस्तु आपल्यापासून दूर जात असली म्हणजे तिच्या प्रकाशाच्या रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोंकाकडे सरकतात, व त्या किती सरकल्या यावरून तिचा वेग काढितां येतो. झ्विकीजवळ अवघ्या आठ दीर्घिकांचीं मापें होतीं. तेवढ्यावरूनहि त्यास दिसलें कीं, समूह एकंदरीनें दूर जात असला तरी त्यांतील दीर्घिका एकमेकींच्या मानानें सेकंदास हजार हजार किलोमीटरच्या फरकानें धांवत आहेत.

यांत विशेष तें काय, असें वाचक विचारतील. गोफणींत धोंडा घालून ती गरगर फिरविली म्हणजे दोरीवर ताण पडतो. वेग वाढवावा तसा ताण वाढतो, आणि दोरी कच्ची असली तर ती तुटून धोंडा निसटतो. येथें दोरीचें काम गुरुत्वाकर्षण करतें, व गुरुत्वाकर्षण द्रव्याच्या प्रमाणांत असतें. झ्विकीनें दीर्घिकांच्या तेजावरून त्यांतील ताऱ्यांचें वजन काढिलें आणि वेगावरून समूहाचें आवश्यक वजन काढिलें. दुसरें पहिल्याच्या चारशें पट भरलें! दिसणाऱ्या द्रव्याची दोरी एवढा वेग मुळींच पेलूं शकली नसती. समूह केव्हांच उधळून गेला असता. परंतु तो तर जागच्या जागीं उभा आहे. तेव्हां न दिसणारें, काळें असें पुष्कळ द्रव्य तेथें असलें पाहिजे, असा निष्कर्ष झ्विकीनें काढिला. तीनच वर्षांनीं सिंक्लेअर स्मिथ यास कन्या राशींतील समूहांतहि तोच प्रकार आढळला.

तत्कालीन विद्वानांनीं ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाहीं, व त्यांस सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. आठ दीर्घिका म्हणजे पुरावा तो किती! शिवाय त्या काळीं दीर्घिकांचीं अंतरें खऱ्याच्या मानानें फारच थोडीं धरलीं जात होतीं. पुढें अंतरांची दुरुस्ती झाली तेव्हां चारशेंचा आंकडा पुष्कळच खालीं आला. परंतु कांहीं केल्या तो एकावर येईना. १९७० नंतरच्या दशकांत व्हेरा रुबिन यांनीं एकेकट्या दीर्घिकांच्या परिभ्रमणाचे वेग मोजले व तेथेंहि दिसणारें द्रव्य अपुरें पडतें असें दाखविलें, तेव्हां झ्विकीच्या निष्कर्षाकडे लोक पुन्हां वळले.

न्यायशास्त्र शिकणाऱ्यास पहिलें उदाहरण मिळतें तें पर्वतावरील धुराचें. धूर दिसतो, अग्नि दिसत नाहीं. तरी अग्नि आहे असें आपण अनुमान करतों. मात्र जें दिसतें तो धूरच आहे, धुकें नव्हे, याची खात्री आधीं करून घ्यावी लागते. गतीची साक्ष एकटी होती तोंपर्यंत धुक्याची शंका उरत होती. पुढें दुसरे साक्षी येत गेले.

दुसरा साक्षी: उष्णता

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणांतून खालीं येत नाहींत. ते पाहावयाचे तर यंत्र वातावरणाच्या वर न्यावें लागतें. १९७० च्या डिसेंबरांत केनियाच्या किनाऱ्याजवळून एक उपग्रह सोडण्यांत आला. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वर्धापनदिन असल्यामुळें उपग्रहास स्वाहिली भाषेंतील स्वातंत्र्यवाचक 'उहुरू' हें नांव मिळालें. या उपग्रहानें दाखविलें कीं, दीर्घिकांचे समूह क्ष-किरणांनीं झगमगत आहेत. आणि तेहि त्यांतील एकेक दीर्घिका नव्हे, तर मधली सारी रिकामी वाटणारी जागा! ती जागा रिकामी नव्हती. एक ते दहा कोटी अंश तापलेला व अत्यंत विरळ असा वायु तींत भरलेला होता. हा वायु इतका विरळ असतो कीं, लिटरभर जागेंत एखादा-दुसरा कण सांपडावा. परंतु जागाच एवढी विस्तीर्ण कीं, समूहांतील साऱ्या ताऱ्यांच्या कित्येक पट द्रव्य या वायूंत आहे. १९७६ मध्यें ययातींतील समूहाच्या क्ष-किरणांत लोखंडाची खूण आढळली. लोखंड ताऱ्यांच्या पोटांतच शिजतें. तेव्हां मरणाऱ्या ताऱ्यांनीं उधळलेली राख दीर्घिकांबाहेर पडून या वायूंत मिसळली आहे हें उघड झालें.

आतां वजनाचा प्रश्न. आधणाच्या पातेल्यांत वाफ कोंडली असेल तर वाफेच्या जोरावरून झांकण केवढें जड आहे हें सांगतां येतें. हलकें झांकण केव्हांच उडालें असतें. दहा कोटी अंशांचा वायु समूहांतून निसटून जात नाहीं, तेव्हां त्यास दाबून धरणारें गुरुत्वाकर्षण केवढें असावें याचा हिशेब मांडितां येतो. हा हिशेब दीर्घिकांच्या गतीवर मुळींच अवलंबून नाहीं. तरी उत्तर तेंच आलें. वायु जमेस धरूनहि द्रव्य अपुरें पडतें, व अपुरें पडतें तें सुमारें तेवढेंच.

तिसरा साक्षी: वांकलेला प्रकाश

जड वस्तूजवळून जातांना प्रकाशाचा मार्ग वांकतो, हें आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून ठरलेलें आहे. त्या आधारें दीर्घिका व त्यांचे समूह भिंगाचें काम करतील, असें झ्विकीनेंच १९३७ मध्यें लिहून ठेविलें होतें. पन्नास वर्षांनीं, १९८७ च्या सुमारास, एबेल ३७० या समूहांत प्रकाशाचा एक लांबलचक कंस दिसला. तो समूहाचा भाग नसून समूहाच्या फार पाठीमागें असलेल्या एका दीर्घिकेची ताणली गेलेली प्रतिमा आहे, हें लौकरच सिद्ध झालें. भिंग किती जाड आहे हें जसें प्रतिमेवरून कळतें, तसें समूहाचें वजन या कंसांवरून काढितां येतें. येथें गतीचा संबंध नाहीं, उष्णतेचाहि नाहीं. तरी तिसऱ्या साक्षीनेंहि तेंच सांगितलें.

या सर्वांवरून आज जो हिशेब मान्य झाला आहे तो असा: मोठ्या समूहांतील द्रव्याचे शंभर भाग केले, तर त्यांपैकीं दोन-तीन भाग तारे, बारा-तेरा भाग तप्त वायु, आणि उरलेले सुमारें ८५ भाग न दिसणारें द्रव्य. यासच कृष्णद्रव्य म्हणतात. अरुंधतीकेशांतील समूहाचें एकंदर वजन सूर्याच्या सुमारें दहा कोटी कोटी पट आहे.

टकरीची कसोटी

तरीहि एक शंका शिल्लक राहत होती. कदाचित् न दिसणारें द्रव्य मुळीं नसेल, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच दूरच्या अंतरांवर निराळा असेल, तर? १९८३ मध्यें मोर्देहाय मिलग्रोम यांनीं तशी एक उपपत्ति मांडिली, व ती एकेकट्या दीर्घिकांना बरीच लागूहि पडते. अशा वेळीं निसर्गानेंच केलेला एक प्रयोग उपयोगी पडला.

अगस्तीच्या ताऱ्यापासून फार दूर नाहीं अशा दिशेस दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार निघून गेले आहेत. त्यांपैकीं लहान समूहाचा वायु बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार दिसतो, म्हणून त्यास 'गोळी-समूह' म्हणतात. अशा टकरींत दीर्घिका एकमेकींवर आपटत नाहींत. त्यांच्यामधील अंतरें मोठीं असल्यामुळें त्या सरळ निघून जातात. वायु मात्र वायूंत अडकतो व मागें राहतो. आतां दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा वांटा वायूंत असल्यामुळें, कृष्णद्रव्य नसेल तर प्रकाश वांकविणारें वजनहि मागें राहिलेल्या वायूजवळच सांपडावयास पाहिजे. २००६ मध्यें डग्लस क्लो व त्यांचे सहकारी यांनीं वजनाचा नकाशा काढिला. वजन वायूजवळ नव्हतें. तें दीर्घिकांबरोबर पुढें निघून गेलें होतें. वायु एकीकडे आणि वजन दुसरीकडे, अशी फारकत डोळ्यांपुढें आल्यावर केवळ नियम बदलून भागण्यासारखें राहिलें नाहीं. कृष्णद्रव्याचा कण मात्र अद्यापि कोणत्याहि प्रयोगशाळेच्या हातीं लागलेला नाहीं. अग्नीचें अस्तित्व पटलें. तो कोणत्या काष्ठाचा आहे हें कळावयाचें आहे.

समूह जमले कसे

विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें आहे. तें अवघें पावणेचार लाख वर्षांचें असतांना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपानें सर्व दिशांनीं आपल्याकडे येत असतो. १९९२ मध्यें कोबे उपग्रहाच्या मापनांवरून दिसलें कीं, त्या प्रकाशांत लाखांत एका भागाइतका सूक्ष्म उंचसखलपणा आहे. ज्या ठिकाणीं द्रव्य तिळभर अधिक होतें तेथें गुरुत्वाकर्षण तिळभर अधिक. त्यामुळें आजूबाजूचें द्रव्य तिकडे ओढलें गेलें, आणि ओढ आणखी वाढली. भांडवलावर व्याज चढावें आणि व्याजावर पुन्हां व्याज, तसा हा प्रकार आहे.

प्रथम मोठे ढीग होऊन मागाहून त्यांच्या दीर्घिका झाल्या, कीं प्रथम लहान दीर्घिका होऊन मागाहून त्यांचे मेळावे जमले, याविषयीं १९७० नंतर मोठा वाद होता. रशियांतील याकोव झेल्डोविच यांचा पक्ष पहिला, अमेरिकेंतील जेम्स पीबल्स यांचा दुसरा. गणकयंत्रांवर मांडलेल्या हिशेबांनीं व निरीक्षणांनीं दुसरा पक्ष खरा ठरविला. लहान आधीं, मोठें मागाहून. म्हणूनच दीर्घिकांचे मोठे समूह ही विश्वांतील सर्वांत अलीकडची रचना होय. झेल्डोविच यांचें म्हणणेंहि अगदीं वायां गेलें नाहीं. द्रव्य सर्व बाजूंनीं सारखें न कोसळतां पडदे आणि तंतू यांच्या आकारानें गोळा होतें, असें ते म्हणत. आणि १९८६ मध्यें व्हालेरी द लापाराँ, मार्गारेट गेलर व जॉन हुक्रा यांनीं आकाशाच्या एका चकतीचा नकाशा काढिला तेव्हां तसेंच दिसलें. दीर्घिका साबणाच्या फेंसासारख्या पोकळ्यांच्या कडांवर रांगेनें बसलेल्या होत्या, आणि नकाशाच्या ऐन मध्यावर होता आपला अरुंधतीकेशांतील समूह. ओढे वाहत येऊन संगमावर मिळावे त्याप्रमाणें या तंतूंवरून दीर्घिका वाहत येतात व जेथें तंतू मिळतात तेथें समूह वाढतात. ही भर अजून चालूच आहे.

समूहांतील संसार

समूहांत नव्यानें शिरणाऱ्या दीर्घिकेस त्याची किंमत मोजावी लागते. तप्त वायूंतून वेगानें जातांना तिच्याजवळचा थंड वायु समोरच्या झोतानें उडून जातो. असें घडेल हें जेम्स गन व रिचर्ड गॉट यांनीं १९७२ मध्येंच सांगितलें होतें. आज दुर्बिणींतून अशा दीर्घिकांमागें लोंबणाऱ्या वायूच्या झिरमिळ्या प्रत्यक्ष दिसतात. थंड वायु ही ताऱ्यांच्या जन्माची शिदोरी होय. ती सरली म्हणजे निळसर तरुण तारे जन्मावयाचे थांबतात व दीर्घिका हळूहळू पिवळट-तांबूस, वृद्ध दिसूं लागते. बुचर व ओमलर यांनीं १९७८ मध्यें दाखविलें कीं, दूरच्या, म्हणजे पूर्वकाळच्या समूहांत निळ्या दीर्घिका अधिक आहेत. दूर पाहणें म्हणजे मागें पाहणें. त्यामुळें कुलाचा इतिहास येथें पोथींत शोधावा लागत नाहीं, तो नजरेसमोर उभा असतो.

समूहाच्या मध्यभागीं बहुधा एक अवाढव्य दीर्घिका असते व तिच्या पोटांत प्रचंड कृष्णविवर असतें. कन्या राशींतील समूहाच्या मध्याजवळील अशाच एका दीर्घिकेंतील, सूर्याच्या सुमारें ६५० कोटी पट वजनाच्या कृष्णविवराचें चित्र एप्रिल २०१९ मध्यें जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आलें होतें, तें वाचकांस आठवत असेल. हीं कृष्णविवरें आपल्याभोंवतालच्या वायूस अधूनमधून तापवितात व तो निवूं देत नाहींत. ययातींतील समूहाच्या वायूंत अशा ढवळण्यानें उठलेल्या ध्वनिलहरी २००३ मध्यें ओळखल्या गेल्या. मध्य सप्तकाच्या ५७ सप्तकें खालचा तो स्वर आहे. त्याच्या एका आंदोलनास सुमारें एक कोटी वर्षें लागतात!

शितावरून भाताची परीक्षा

एवढ्या अभ्यासाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, समूहावरून साऱ्या विश्वाची परीक्षा करितां येते. समूह एवढ्या मोठ्या प्रदेशांतून द्रव्य गोळा करतो कीं, त्यांतील साधें द्रव्य आणि कृष्णद्रव्य यांचें प्रमाण साऱ्या विश्वांतील प्रमाणासारखेंच असलें पाहिजे. विश्वाच्या आरंभीं साधें द्रव्य किती तयार झालें हें हायड्रोजन, हेलियम इत्यादि हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून माहीत आहे. १९९३ मध्यें सायमन व्हाइट व त्यांचे तीन सहकारी यांनीं अरुंधतीकेशांतील समूहाच्या आधारें हें गणित मांडिलें. विश्वाचा विस्तार थोपवूं शकेल एवढें द्रव्य विश्वांत असावें, अशी तेव्हां पुष्कळांची धारणा होती; गणितानें दाखविलें कीं, द्रव्य त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच आहे. पांच वर्षांनीं, १९९८ मध्यें, दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून विश्वाचा विस्तार मंदावत नसून वाढत्या वेगानें चालला असल्याचें आढळलें, तेव्हां या गणिताचें मोल सर्वांस कळलें.

महाराष्ट्रीय वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे. पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांच्या पुढाकारानें झालेल्या एका शोधाची वार्ता जुलै २०१७ मध्यें जाहीर झाली. मीन राशीच्या दिशेस, सुमारें ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, निदान ४३ समूह मिळून बनलेला, सुमारें ६० कोटी प्रकाशवर्षें पसरलेला एक महासमूह त्यांस आढळला, व त्यास त्यांनीं 'सरस्वती' हें नांव दिलें. लुप्त झालेल्या नदीचें नांव इतक्या दूरच्या प्रवाहास मिळावें हें समर्पकच म्हटलें पाहिजे. तसेंच जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीनें, समूहांच्या टकरींतून उठणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपण्याचें मोठें काम केलें आहे.

आपली आकाशगंगा स्वतः कोणत्याहि मोठ्या समूहांत नाहीं. देवयानी व इतर लहानमोठ्या दीर्घिका यांसह ती एका छोट्या बिऱ्हाडांत राहते, आणि सुमारें साडेपांच कोटी प्रकाशवर्षांवरील कन्येच्या समूहाच्या वेशीबाहेर तें बिऱ्हाड आहे. त्या समूहाची ओढ आपणांस जाणवते, परंतु विश्वाचा विस्तार त्या ओढीवर मात करीत असल्यामुळें आपण त्यांत कधीं पोंचणार नाहीं. जीं कुलें आजवर दृढ बांधलीं गेलीं तीं बांधलेलींच राहतील. जीं बांधलीं गेलीं नाहींत तीं एकमेकांपासून दूर दूर जात राहतील. या दोहोंमधील सीमा ठरविली आहे ती ताऱ्यांच्या तेजानें नव्हे, तर ज्यास तेज मुळींच नाहीं अशा द्रव्यानें. २०२३ मध्यें सोडलेली युक्लिड ही अवकाशदुर्बीण आणि जिच्या पहिल्या चित्रांत २०२५ च्या जूनमध्यें कन्येचा समूह झळकला ती चिली देशांतील व्हेरा रुबिन वेधशाळा, या दोन्ही आतां त्याच न दिसणाऱ्या द्रव्याचे नकाशे काढण्याच्या कामास लागल्या आहेत. आठ दीर्घिकांच्या गतीवरून झ्विकीनें जें अनुमान केलें, त्याची तपासणी आतां कोट्यवधि दीर्घिकांवरून होणार आहे.